मुलांच्या वॉर्डातलं पोस्टिंग: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मेडिसिन-सर्जरीचं पोस्टिंग करून मुलांच्या वॉर्डात आलं की आधी अडतं ते बोलण्यावर. मोठ्या पेशंटला विचारता येतं, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय. इथे दहा महिन्यांचं बाळ फक्त रडतं, तीन वर्षांचा मुलगा आईच्या कुशीत तोंड लपवतो आणि सात वर्षांची मुलगी इंजेक्शनच्या धाकाने "मला काहीच होत नाहीये" असं ठासून सांगते. त्यामुळे सगळी भिस्त आपल्या डोळ्यांवर येते. हे पोस्टिंग करताना मी जे शिकले आणि सीनियर सिस्टरांनी जे शेजारी उभं राहून शिकवलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांचं पोस्टिंग आता लागणार आहे त्यांच्या ते पहिल्या आठवड्यातच कामी यावं.

जायच्या आधी

सगळं पुस्तक पुन्हा वाचत बसू नका. तीन गोष्टी पक्क्या करा: वयानुसार श्वास आणि नाडीचे आकडे, मिलिग्रॅम-मिलिलिटरची गणितं आणि वाढीचे टप्पे, म्हणजे मूल कधी मान धरतं, कधी बसतं, कधी बोलतं. आकडे एका छोट्या कार्डावर लिहून खिशात ठेवा.

नखं कापलेली, अंगठी-घड्याळ काढलेलं. युनिफॉर्मवर टाचणी किंवा टोकदार पिन नको, कारण कडेवरचं बाळ पहिला हात तिथेच घालतं. कांजिण्या आणि गोवराच्या लसी झाल्या आहेत का ते बघा. आणि तुम्हाला सर्दी-ताप असेल तर अंगावर काढून ड्यूटीला जाऊ नका, क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला कळवा. त्या वॉर्डात प्रतिकारशक्ती कमी झालेली मुलं असतात. आपली साधी सर्दी त्यांना महागात पडते.

पहिला दिवस: वस्तू कुठे आहेत ते बघा

हँडओव्हर झाल्यावर इन्चार्ज सिस्टरांना विचारून वॉर्ड फिरून घ्या. इमर्जन्सी ट्रॉली, सक्शन (घशातला चिकटा ओढून काढायचं यंत्र), ऑक्सिजनचा पॉइंट, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) या जागा डोळे मिटून सांगता आल्या पाहिजेत. मुलांच्या वॉर्डात प्रत्येक वस्तू चार-पाच मापांत असते. मास्क नाक आणि तोंड झाकेल पण डोळ्यांवर येणार नाही एवढा हवा. बीपीच्या कफची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. लहान कफ लावला तर बीपी खोटाच जास्त दिसतो. ही मापं हातात घेऊन बघा.

त्याच दिवशी विचारून घ्या की विद्यार्थ्याने एकट्याने काय करायचं आणि कशासाठी स्टाफ सिस्टर शेजारी असायलाच हवी. औषध, सलाइन आणि रक्त या तीन गोष्टींना देखरेखीशिवाय हात लावायचा नाही, मग वॉर्डात कितीही गर्दी असो.

आणि कॉटचे कठडे. एक हात बाळावर असल्याशिवाय कठडा खाली घ्यायचा नाही. डायपर घ्यायला वळायचं असेल तरी आधी कठडा वर.

हात लावायच्या आधी बघा

चांगल्या बालरुग्ण नर्सची ओळख माझ्या मते इथेच पटते. ती दाराशी किंवा कॉटच्या पायथ्याशी अर्धा मिनिट थांबते आणि फक्त बघते. आपण जवळ गेलो की मूल रडायला लागतं, आणि रडायला लागलं की श्वास, नाडी, रंग सगळंच बदलतं. खरी माहिती मिळते ती त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात.

तीन गोष्टी बघायच्या. पहिली, मूल कसं दिसतंय: आजूबाजूला बघतंय का, खेळणं धरतंय का, आईच्या आवाजाकडे वळतंय का, की अंग सैल टाकून पडलंय. दुसरी, श्वासाला कष्ट पडताहेत का: नाकपुड्या फुलणं, बरगड्यांखाली पोट-छाती आत ओढली जाणं, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज, तान्ह्या बाळाची मान श्वासाबरोबर हलणं. तिसरी, कातडीचा रंग: फिकट, चट्टेरी की निळसर. ओठ आणि जीभ बघा. सावळ्या मुलांमध्ये निळेपणा कातडीपेक्षा जिभेवर लवकर कळतो.

रडणारं मूल सगळ्यांचं लक्ष वेधून घेतं. लक्ष द्यायचं ते गप्प पडलेल्याकडे. सुई दिसली तरी जे हात मागे घेत नाही, त्या मुलाजवळ आधी जा.

श्वास, नाडी, ताप, बीपी: क्रम सोडू नका

मुलाला सर्वांत कमी त्रास होईल ते आधी, सर्वांत जास्त होईल ते शेवटी. म्हणून पहिला श्वास, मग स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके, मग ताप, आणि बीपी सगळ्यांत शेवटी.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्ही बाळं अनियमित श्वास घेतात, मध्येच काही सेकंद थांबतात, मग भराभर घेतात. मूल आईच्या मांडीवर शांत किंवा झोपलेलं असताना पोटाकडे बघून मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार २ महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. हे तीन आकडे पाठच हवेत.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाची नाडी मनगटावर शोधत बसू नका. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण मिनिट मोजा. तान्ह्या बाळाचे ठोके साधारण १०० ते १६०, शाळकरी मुलाचे ७५ ते १२०. ताप आणि रडण्याने ते वाढतात, म्हणून आकड्यासमोर 'रडत असताना' किंवा 'झोपेत' असं लिहायची सवय लावा. पल्स ऑक्सिमीटरवर दिसणारी नाडी तुम्ही मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर सॅच्युरेशनच्या, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या, आकड्यावरही विसंबू नका. पाय गार असेल किंवा मूल हलत असेल तर प्रोब (बोटाला किंवा पायाला लावायचा त्याचा भाग) चुकीचं सांगतो. प्रोबची जागाही अधूनमधून बदला, कातडीवर वळ उठतात.

बीपी चांगला आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. मुलांचं शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाचे ठोके वाढवून बीपी बराच वेळ टिकवून धरतं आणि मग एकदम सोडून देतं. त्याआधी कळतं ते केशिका, म्हणजे कातडीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या, पुन्हा भरण्यावरून: छातीच्या मधल्या हाडावर बोटाने पाच सेकंद दाबा, सोडा आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर सिस्टरांना सांगा.

आता एक प्रसंग, कारण आकडे कसे फसवतात हे मला त्यावरून कळलं. दीड वर्षाचा मुलगा, न्यूमोनिया. सकाळी श्वास ५८. दुपारी मी मोजला तर ३६. चार्टवर बघणाऱ्याला वाटलं असतं, सुधारतोय. पण बरगड्यांखालची छाती तशीच आत ओढली जात होती, स्टेथोस्कोप लावला तरी त्याने तो ढकलला नाही, आणि आई म्हणाली, "सकाळपासून हा माझ्याकडे बघतच नाहीये." मी स्टाफ सिस्टरना हाक मारली. त्यांनी एक नजर टाकली, ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांना बोलावलं आणि थोड्या वेळात त्याला आयसीयूत हलवलं. तो थकला होता. दमलेल्या मुलाचा श्वास उतरतो तो बरा होतोय म्हणून नव्हे, श्वास ओढायचं बळ संपत आलंय म्हणून. आकडा आणि मूल वेगवेगळं सांगत असतील तर मुलावर विश्वास ठेवा.

वजन: सगळी गणितं इथून सुरू होतात

मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून वजन चुकलं की पुढचं सगळं चुकतं. काटा शून्यावर आहे का ते बघा, बाळाचे कपडे आणि डायपर काढा आणि वजन किलोग्रॅममध्येच लिहा. आईने सांगितलेलं मागच्या महिन्याचं वजन चालत नाही. जुलाबाच्या बाळाचं वजन दोन दिवसांत उतरतं.

पॅरासिटॅमॉलचंच उदाहरण घेऊ. १२ किलोचं मूल, ऑर्डर किलोला १५ मिलिग्रॅम. म्हणजे १८० मिलिग्रॅम. हे सगळ्यांना जमतं. गडबड पुढे होते. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ७.५ मिलिलिटर द्यायचं. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर ३.६ मिलिलिटर. आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स असतील तर फक्त १.८ मिलिलिटर. औषध एकच, डोस एकच, बाटल्या तीन. 'साडेसात एमएल द्या' असं ऐकून कुणी ड्रॉप्सची बाटली उचलली तर मुलाला चौपटीहून जास्त औषध जाईल. म्हणून डोस नेहमी मिलिग्रॅममध्ये बोला, मिलिग्रॅममध्ये लिहा आणि मिलिलिटर काढण्यापूर्वी हातातल्या बाटलीचं लेबल मोठ्याने वाचा. दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस नाहीत, हेही चार्टवर तपासा. घरून निघताना आईने एक डोस दिलेला असतो, तो विचारल्याशिवाय कळत नाही.

दशांश चिन्हाची शिस्त पाळा. ०.५ लिहिताना टिंबाआधीचं शून्य घालायचंच, आणि ५ लिहायचं असेल तर ५.० लिहायचं नाही. टिंब पुसट झालं की डोस दहापट होतो. मोठ्या पेशंटमध्ये अशी चूक बऱ्याचदा आधीच लक्षात येते, कारण औषधाच्या दहा व्हायल (छोट्या बाटल्या) फोडाव्या लागतील. बाळाच्या बाबतीत दहापट डोसही एकाच सिरिंजमध्ये आरामात मावतो. म्हणूनच इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम, मॉर्फिनसारखी औषधं दोघींनी स्वतंत्रपणे गणित करून पडताळायची असतात. स्वतंत्रपणे म्हणजे एकीने उत्तर सांगून दुसरीने मान डोलवायची नाही. दोघींनी आपापल्या कागदावर करायचं आणि मग जुळवायचं.

ओळख पटवताना "हा अमुक ना?" असं विचारू नका. तीन वर्षांचं मूल कुठल्याही नावाला "हो" म्हणतं, आणि मुलं खेळता खेळता दुसऱ्याच्या कॉटवर जाऊन बसलेली असतात. आईला विचारा, "बाळाचं पूर्ण नाव सांगा," आणि हातातल्या पट्ट्याशी ताडून बघा.

तोंडाने औषध देताना मुलाला उठवून बसवा, ओरल सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा. नाक दाबून, आडवं पाडून, रडताना घशात ओतणं धोक्याचं आहे, ते फुप्फुसात जाऊ शकतं. दुधाच्या भरलेल्या बाटलीत औषध मिसळू नका. बाळाने अर्धी बाटली सोडली तर किती औषध गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

सलाइन

रोजच्या गरजेचं पाणी काढायचं सूत्र १९५७ पासून वापरात आहे: पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या १० किलोंना ५० आणि त्यावरच्या प्रत्येक किलोला २०. म्हणजे १४ किलोच्या मुलाला १००० अधिक २००, १२०० मिलिलिटर दिवसाला, तासाला ५०. मायक्रोड्रिप सेटमध्ये १ मिलिलिटरला ६० थेंब पडतात, त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर, मिनिटाला तितकेच थेंब. अनेक आजारांत डॉक्टर यापेक्षा कमी लिहितात. आपण ऑर्डरप्रमाणेच चालायचं. पण गणित येत असेल तर ऑर्डर वाचताना विसंगती डोळ्यांत भरते आणि वेळेवर विचारता येतं.

मेझर्ड व्हॉल्यूम सेटमध्ये (बाटलीखाली मापाची छोटी नळकांडी असलेल्या सेटमध्ये) एका वेळी तास-दोन तासांपुरतंच भरा. क्लॅम्प सैल झाला तरी अख्खी बाटली बाळात जाणार नाही.

कॅन्युलाची (शिरेत घातलेल्या सलाइनच्या बारीक नळीची) जागा दर तासाला बघायची, आणि झोपेतही बघायची. पांघरूण आणि पट्टीच्या आड हात फुगत असतो आणि बाळ नुसतं किरकिरत असतं. जागा गार, घट्ट, फुगीर, लाल किंवा पांढुरकी दिसली, किंवा दुसऱ्या हाताशी तुलना करता फरक वाटला, तर थेंब थांबवा आणि सिस्टरांना बोलवा. स्प्लिंट (हात हलू नये म्हणून लावायची फळी) बांधताना बोटांची टोकं उघडी ठेवा.

आत किती गेलं याबरोबर बाहेर किती आलं तेही लिहायचं. ओल्या डायपरच्या वजनातून कोऱ्या डायपरचं वजन वजा करायचं. १ ग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर. मुलांना तासाला किलोमागे साधारण १ मिलिलिटर तरी लघवी व्हायला हवी. "सकाळपासून डायपर कोरडाच आहे" हे आईचं वाक्य ऐकलं की ते लगेच पुढे पोचवा.

मुलाशी वागणं

सहा-आठ महिन्यांनंतरचं बाळ अनोळखी चेहऱ्याला घाबरतं, त्यामुळे आधी आईशी बोला, बाळाकडे थेट बघू नका. एक ते तीन वर्षांच्या मुलाला कॉटवरून उचलून घेण्यापेक्षा आईच्या मांडीवरच तपासा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खूपदा वाटतं, आपण काहीतरी वाईट केलं म्हणून हे टोचताहेत. त्यांना स्पष्ट सांगा, "तुझं काही चुकलं नाही." "नीट वाग, नाहीतर सिस्टर सुई मारेल" असं एखादे बाबा म्हणाले तर त्यांना बाजूला घेऊन शांतपणे समजावा, नाहीतर पुढच्या प्रत्येक ड्यूटीला मूल आपल्याला बघून किंचाळतं. शाळकरी मुलांना कारण सांगा, ती ऐकतात. किशोरवयीन मुलांना पडदा ओढून द्या आणि काही प्रश्न पालक नसताना विचारा.

"दुखणार नाही" असं कधीही म्हणू नका. "थोडं टोचेल, मी तीन म्हणेपर्यंत, मग आपण पट्टी लावू," असं सांगा आणि तीनलाच संपवा. निवड द्यायची तर खरी द्या. "औषध घेणार का?" याचं उत्तर "नाही" येणार आणि तरीही आपण देणार, त्यापेक्षा "आईच्या मांडीवर बसून घेतोस की पलंगावर?" हे बरं. सुई टोचायचं काम शक्यतो प्रोसीजर रूममध्ये करा, म्हणजे कॉट ही त्याची सुरक्षित जागा राहते. त्याला आडवं दाबून धरण्यापेक्षा आईला छातीशी कवटाळून बसू द्या. नवजात बाळाला टोचताना आईचं दूध पाजत ठेवलं तर वेदना कमी होते. काही ठिकाणी सुमारे दोन मिनिटं आधी जिभेवर साखरेचं द्रावण देतात, तेही ऑर्डर असेल तरच.

चार वर्षांची एक मुलगी कुणालाच हाताला हात लावू देत नव्हती. सिस्टरांनी तिच्या बाहुलीच्या हाताला पट्टी चिकटवली, त्यावर सुई नसलेली नळी लावली आणि तिलाच टॉर्च धरायला दिला. मग ती बाहुलीला दरडावत होती, "हात हलवू नकोस, सलाइन निघेल." त्यानंतर तिने स्वतःचा हात पुढे केला.

वेदना मोजायला वयानुसार साधनं आहेत. न बोलणाऱ्या मुलासाठी फ्लॅक स्केल: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होणं, प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. तीन-चार वर्षांपासून चेहऱ्यांची चित्रं, आठ वर्षांपुढे ० ते १० आकडा. वेदनाशामक दिल्यावर पुन्हा मोजून लिहा, नाहीतर पहिल्या नोंदीला अर्थ राहत नाही.

आईवडील

एके काळी रुग्णालयांत आईवडिलांना ठरलेल्या वेळेपुरतंच भेटू देत. १९५०च्या सुमारास ब्रिटनमधले समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी अशा एकट्या ठेवलेल्या मुलांचं निरीक्षण केलं आणि तीन टप्पे नोंदवले: आधी आक्रोश, मग निराशा, मग अलिप्तता. तिसऱ्या टप्प्यातलं मूल शांत दिसे आणि 'रुळलं' असं समजलं जाई. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट अहवालाने (रुग्णालयातल्या मुलांबाबतच्या सरकारी समितीच्या अहवालाने) भेटीची बंधनं काढा आणि आईला सोबत राहू द्या अशी शिफारस केली. शांत झालेलं मूल बरं आहे असं धरून चालू नये, हे तेव्हाही तितकंच खरं होतं.

आईला कामात घ्या: तापात अंग पुसणं, औषध धरणं, गोष्ट सांगणं. तिला "रडू नका" म्हणण्यापेक्षा पाच मिनिटं बाळाजवळ बसून तिला जेवायला पाठवा. तब्येतीबद्दल विचारलं तर अंदाजाने धीर देऊ नका. "मी सिस्टरांना विचारून येते" म्हणा, आणि खरंच परत या. "आज हा वेगळा वाटतोय" असं आई म्हणाली तर ते तिच्याच शब्दांत नोंदवा. मुलांच्या धोक्याच्या सूचना मोजणाऱ्या काही स्कोअरमध्ये पालकांच्या काळजीचाही समावेश केलेला आहे.

हाक कधी आणि कशी मारायची

विद्यार्थी म्हणून आपण निदान करत नाही, पण सगळ्यांत जास्त वेळ कॉटजवळ आपणच असतो. सांगताना चार भागांत सांगा: आत्ता काय दिसतंय, मूल कशासाठी दाखल आहे, आधीचे आणि आताचे आकडे, आणि तुम्हाला काय हवंय. "कॉट ६ मधलं न्यूमोनियाचं बाळ, श्वास सकाळी ५८ होता, आता ३६ आहे, पण छाती आत जातेय आणि प्रतिसाद देत नाहीये. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?" एवढं पुरतं.

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, घड्याळ बघा आणि हाक मारा. तोंडात चमचा, बोट, काहीही घालायचं नाही. तापातले झटके ६ महिने ते ५ वर्षे या वयात येतात आणि बहुतेक स्वतःहून थांबतात. पाच मिनिटांच्या पुढे गेला तर औषध लागतं, म्हणून सुरू झाल्याची वेळ फार महत्त्वाची.

ड्यूटी संपल्यावर

या वॉर्डात काही मुलं वाचत नाहीत. त्या दिवशी वॉर्डात डोळे भरून आले तर त्यात गैर काही नाही. स्टाफ सिस्टरांना सांगून पाच मिनिटं बाहेर जा. नंतर इन्स्ट्रक्टरशी किंवा बॅचमधल्या कुणाशी नक्की बोला. मुलांची नावं आणि फोटो मात्र वॉर्डाबाहेर जाता कामा नयेत, मैत्रिणींच्या ग्रुपवरही नाही. केस स्टडीत नावाऐवजी वय आणि निदान पुरतं.

डिस्चार्जच्या वेळी

हे काम विद्यार्थ्यांनी मागून घ्यावं, कारण स्टाफला त्यासाठी वेळ कमी मिळतो. आईला औषध कसं द्यायचं ते सांगून थांबू नका, तिच्या हातात सिरिंज द्या आणि "आता तुम्ही मला ३.६ भरून दाखवा" म्हणा. चुकली तर पुन्हा दाखवा. बाटलीवर तिला वाचता येईल अशा अक्षरांत वेळा लिहा, सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या. ओआरएस असेल तर एक पाकीट किती पाण्यात मिसळायचं ते पाकिटावर बघून सांगा, आणि तिच्या घरच्या भांड्यात ते कुठपर्यंत येईल तेही विचारा. मग परत कधी आणायचं ते सांगा: मूल काही पीत नसेल किंवा सगळंच उलटून टाकत असेल, गुंगीत असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, झटका आला, शौचातून रक्त गेलं, लघवी झाली नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. हे सगळं तिला स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावा, आणि मग डिस्चार्ज कार्डावर सही घ्या.